शॅम्पेनची बादली आणि मार्गशीर्षातला गुरुवार

त्रू ओ बिश, मॉरिशस
मार्गशीर्ष, शनिवार सकाळ

ती. आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, निघताना तू बजावलं होतंस, ‘मोबाइलवर काही धाडू नका, नीट कागदावर लिहा, मी चष्मा लावून सावकाश वाचीन.’ इथलं तिकीट लावून पाठवायची फार हौस होती, कारण तिकिटांच्या बाबतीत हे बेट मोठं मानी आहे. १८४७ साली छापलेली दोन चिमुकली तिकिटं यांनी पोर्ट लुईच्या संग्रहालयात ठेवली आहेत आणि रंग उडू नये म्हणून त्यांच्यावर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात. पण पोस्टानं पाठवलं तर पत्राआधी आम्हीच गुहागरला पोचू. म्हणून उद्या परतणाऱ्या डोंबिवलीच्या एका जोडप्याकडे हे पाकीट देते आहे, ते तिथून स्पीडपोस्टानं टाकतील. पाकीट चारी बाजूंनी चिकटवलं आहे. का, ते पुढे कळेलच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असंही तू बजावलंस, तेव्हा या पत्रात ‘हे’ म्हणते. एरवी नावानंच हाक मारते. त्यांना चालतं.

आम्ही सुखरूप आहोत. मुंबईहून विमानाला सहा-एक तास लागतात, म्हणजे एसटीनं तुझ्याकडे यायला लागतात त्याहून कमीच. आधी व्हिसा काढायची कटकट नाही, विमानतळावर शिक्का मारून सोडतात. बॅगेत काय आहे ते मात्र विचारतात. बेटावरच्या पिकांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून फळं, बी-बियाणं, रोपं यांच्यावर यांची करडी नजर. गुरुवारच्या घटासाठी सासूबाईंनी दिलेला नारळ आईनं मुंबईतच काढून घेतला होता ते बरं झालं. उरलं काय, तर शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, मेतकूट आणि बेसनाचे लाडू. तिथल्या अधिकाऱ्यानं चटणीचं पुडकं नाकाशी नेलं, क्षणभर डोळे मिटले आणि काही न बोलता परत दिलं. ‘मागून घेतोय की काय असं वाटलं,’ हे बाहेर आल्यावर म्हणाले.

खोलीत शिरलो तर पलंगावर टॉवेलांचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले आणि भोवती जास्वंदीची पंधरा-वीस फुलं अंथरलेली. देवाची फुलं अशी गादीवर पाहून तू काय म्हणाली असतीस ते मला तिथंच ऐकू आलं. मी ती गोळा करून ग्लासात ठेवली. हंस मात्र ह्यांना मोडवेनात. आंघोळ करून बाहेर आले, हंसांकडे पाहिलं आणि बॅगेतून सोलापूरचा टॉवेल काढला. हंस अजून तसेच आहेत.

आणि हो, आईला एक सांग. इथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे आहे. सकाळी साडेसहाला देवपूजा आटोपून ती ‘उठलात का?’ म्हणून फोन करते, तेव्हा इथं पाच वाजलेले असतात. नव्या लग्नाच्या माणसांना पहाटे पाचला हा प्रश्न विचारू नये.

आता मुद्द्याचं, म्हणजे खाण्याचं. नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलात, दुपारचं आपलं आपण बघायचं अशी व्यवस्था आहे. हॉटेलचं जेवण चांगलं असतं आणि चांगल्या जेवणाबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. अपवाद एका रात्रीचा. पॅकेजमध्ये ‘मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण’ फुकट होतं. फुकट म्हणजे पैसे आधीच घेतलेले. वाळूत टेबल मांडलं, पांढरं कापड घातलं, वेटर मेणबत्ती लावी आणि समुद्रावरचा वारा ती विझवी. चारदा झाल्यावर ह्यांनी मोबाइलची बॅटरी सुरू करून ग्लासात उभी केली. त्या उजेडात आमचे चेहरे आधारकार्डावर असतात तसे दिसत होते.

पहिल्या ताटलीत पांढऱ्या चकत्या आल्या, वर लिंबू पिळलेलं. वेटरनं कौतुकानं सांगितलं की याला लक्षाधीशांची कोशिंबीर म्हणतात. माडाच्या जातीचं झाड काही वर्षं वाढवायचं आणि मग एवढ्याशा गाभ्यासाठी अख्खं तोडायचं. आजी, माझ्या घशाखाली घास उतरेना. आपल्या आगरात एका माडाला भुंगा लागला तर तू आठवडाभर धड जेवत नाहीस, आणि इथं नात माड चमच्यानं खाते आहे. चवीला काही विशेष नव्हता. लक्षाधीशांना परवडतो म्हणून खात असतील.

शेजारच्या टेबलावर ते डोंबिवलीचं जोडपं, त्यापलीकडे नाशिकचं. सगळे एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत होते. पण माणूस मराठी आहे हे कळल्यावर ‘मूळ गाव कुठलं?’ विचारल्याशिवाय राहवतं का? पाच मिनिटांत असं निघालं की ती मुलगी माझ्या मावशीच्या इमारतीत, तिच्याच मजल्यावर लहानाची मोठी झालेली. एकांतासाठी आम्ही हिंदी महासागर ओलांडून आलो होतो! ‘आपण काय जेवलो ते मावशीला रात्रीतच कळणार,’ हे म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता आईचा फोन, ‘माडाची कोशिंबीर कशी होती गं?’

खरं जेवण पोर्ट लुईच्या बाजारात. तू तिथं असतीस तर दोन पिशव्या भरल्याशिवाय हलली नसतीस. शिराळी, भेंडी, कारली, लाल भोपळा, अळूच्या जुड्या आणि ढिगानं लिची. लिचीचा हंगाम चालू आहे, झाडांवर जाळ्या टाकलेल्या दिसतात, कारण इथली वटवाघळं लिचीची भारी शौकीन. अननस सोलून, देठ धरायला तसाच ठेवून, चिंचेच्या पाण्यात आणि मिरची-मिठात घोळून हातात देतात. पण सगळ्यात मोठी रांग असते डाळपुरीला.

ती कशी देतात ते नीट सांगते, कारण तुला करायला लावणार आहे. गाडीवरची बाई कापडात गुंडाळलेल्या चळतीतून दोन पोळ्या काढते. जोडीच घ्यायची, एक मागितली तर गिऱ्हाईक आजारी आहे का अशा नजरेनं बघते. पोळी पातळ, पिवळसर, मऊ. उलगडताना कडेनं डाळीचा भुगा थोडा सांडतो. तिच्यावर एक डाव पांढऱ्या मोठ्या दाण्यांची, आपल्या पावट्याच्या वळणाची पातळ उसळ, एक डाव टोमॅटोचा रुगाय, थोडी कोथिंबिरीची चटणी, आणि मग ‘पिमां?’ असं विचारून हिरव्या मिरचीचा ठेचा. दोन्ही पोळ्यांची मिळून एक सुरळी, ती कागदात, आणि कागद हातात पडेपर्यंत तिचा हात पुढच्या गिऱ्हाइकाच्या चळतीत. उभ्यानं खायची, जरा पुढं वाकून, नाहीतर उसळ कोपरापर्यंत येते.

आजी, ही तुझी पुरणपोळीच, गुळाशिवायची. मी त्या बाईला कृती विचारली. आधी तिनं कामात आहे असं दाखवलं, पण रांग ओसरल्यावर सगळी सांगितली. डाळ हळद घालून शिजवायची, पण गाळ होऊ द्यायची नाही, बोटांत चिरडली की झालं. निथळून कोरडीच वाटायची, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायची. निथळलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच मैदा भिजवायचा. तू कटाची आमटी करतेस, ह्या बायका कट पिठात मुरवतात. पोळी दिवसभर मऊ राहते ती त्यामुळं. बिहार-भोजपूरकडून ऊस तोडायला आलेल्या माणसांच्या घरांतून ही पोळी आली आणि आता चिनी, क्रिओल, मुसलमान सगळे तिच्यासाठी एकाच रांगेत उभे असतात. हिंदूंच्या लग्नघरी ती खिरीबरोबर वाढतात म्हणे.

ह्यांचं इथं एक झालं आहे. इथल्या रुपयाला आपले जवळजवळ दोन रुपये पडतात, त्यामुळं ह्यांचे ओठ सतत हलत असतात. लोकांना वाटतं जप चाललाय, ते दुणे करत असतात. हॉटेलात पाण्याची बाटली उचलतात, दुणे करतात आणि परत ठेवतात. डाळपुरीच्या गाडीवर पहिल्यांदा दुणे करूनही हसले, आणि आणखी एक जोडी घेतली.

सकाळचा प्रकार वेगळा. चणाडाळ भरड वाटून, कांद्याची पात, कोथिंबीर, मिरची घालून छोटे गोळे तळतात, त्याला गातो पिमां म्हणतात. नाव फ्रेंच असलं तरी वस्तू आपला डाळवडाच. लोणी लावलेल्या लांब पावात तीन-चार चेपायचे आणि कामावर जायचं. ‘हा वडापावचा फ्रान्समध्ये दिलेल्या आत्याचा मुलगा,’ हे म्हणाले. खाल्ले मात्र सहा. बाजारात आलुदा नावाचं दूध मिळतं, सब्जा घातलेलं, थंडगार, ते म्हणजे चौपाटीचा फालुदा. चहात वॅनिला घालतात, तो मात्र कुणाचाच नातेवाईक वाटला नाही. ह्यांनी एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला.

दुकानात शिरलं की डोडो. किल्लीला डोडो, कपावर डोडो, देशाच्या राजचिन्हावरही डोडो. हा पक्षी फक्त इथंच होता, उडता येत नव्हतं, आणि डच खलाशी येऊन पोचल्यावर शंभर वर्षांच्या आत संपला. गंमत म्हणजे त्या खलाशांना त्याचं मांस मुळीच आवडलं नव्हतं, तशी नावं ठेवलेली आहेत. तरी संपवलाच. न आवडणारा पदार्थ संपेपर्यंत खाणारी माणसं मला पंगतीत पाहून माहीत आहेत.

उसाबद्दल लिहिलं नाही तर हे रागावतील. विमानतळाबाहेर पडल्यापासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. इतर मुली समुद्रकाठचे फोटो घरी पाठवतात, माझ्याकडे नवऱ्याचे उसाच्या फडातले फोटो आहेत. वाटेत टॅक्सी थांबवून हे खाली उतरले, कांड्या मोजल्या, पाचट हातात घेऊन बघितलं आणि ड्रायव्हरला विचारलं, टनाला काय देतात? उतारा काय पडतो? पैसे वेळेवर मिळतात का? मी गाडीत बसून लिची सोलत होते. इथं एकदा लावलेला ऊस बरीच वर्षं खोडव्यावरच काढतात हे ऐकून ते खूश झाले. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या एवढ्याशा बेटावर अडीचशेच्या वर कारखाने होते आणि आता तीनच उरलेत, हे कळल्यावर दुपारचं जेवण गंभीरपणे जेवले. बो प्लाँ नावाचा एक कारखाना १९९९ साली बंद पडला, त्याचं साखरेचं संग्रहालय केलंय. जुनी यंत्रं तेल देऊन जागच्या जागी ठेवली आहेत. ‘आमच्याकडे बंद पडलेल्या कारखान्याचं भंगार होतं नाहीतर निवडणूक होते,’ हे म्हणाले, ‘इथं निदान तिकीट तरी लावलंय.’ शेवटी तऱ्हेतऱ्हेच्या साखरा चमच्यानं चाखायला देतात. त्यातली सगळ्यात काळी तोंडात टाकली आणि ह्यांना लहानपणीचं गुऱ्हाळ आठवलं. त्यानंतर रम चाखायला देतात, त्याबद्दल समक्ष भेटीत. नको, भेटीतही नको.

शेतांत मधेच काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले दिसतात. ज्वालामुखीचं बेट, जमिनीत जिकडेतिकडे दगड. ते वेचून जमीन लागवडीखाली आणली आधी गुलामांनी आणि नंतर करारावर आणलेल्या आपल्याकडच्या मजुरांनी. १८३४ पासून पुढं साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ती जिथं उतरली त्या दगडी पायऱ्या अजून आहेत, त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. त्यांत कलकत्त्याहून, मद्रासेहून आलेले जास्त, पण मुंबई बंदरातून आलेलेही होते, आणि मुंबईहून म्हणजे बरेचसे तुझ्या-माझ्या कोकणातले.

यावरून आमच्या टॅक्सीवाल्याची गोष्ट आली. बुधवारी मी त्याला विचारलं की विड्याची पानं आणि पूजेची फळं कुठं मिळतील? हो, सासूबाईंनी पोथीही बॅगेत घातली होती. लग्नानंतरचा पहिला मार्गशीर्ष, गुरुवार चुकवायचा नाही, मग तो कुठल्याही देशात येवो. टॅक्सीवाला मागं वळून म्हणाला, “आपण महाराष्ट्रातून आलात काय? मीही मराठी आहे. मी आपणांस बाजारात घेऊन जातो.” अगदी असंच, पाठ्यपुस्तकातलं. इथल्या सरकारी शाळेत मराठी विषय असतो, तिथं तो शिकला. आमचे हे त्याला म्हणाले, “थँक्यू हं, मोठा प्रॉब्लेम सॉल्व्ह केला.” आणि मग स्वतःच ओशाळून गप्प बसले.

त्याच्या पणजोबांचं गाव कुठलं ते घरात कुणाला ठाऊक नाही, फक्त ‘रत्नागिरी’ एवढा शब्द राहिला आहे. गुहागर रत्नागिरी जिल्ह्यातच असं मी सांगितल्यावर म्हणाला, “म्हणजे आपण आमच्या गावच्या.” भाडं मात्र एक रुपया कमी केलं नाही. ‘पटलं, खरा कोकणी,’ हे मला हळूच म्हणाले. हे वाक्य मी तुला मुद्दाम कळवते आहे, जावई आल्यावर काय ते बघून घे.

इथल्या मराठी लोकांचा गणपती मोठा. चतुर्थीनिमित्त देशभर सुट्टी असते. हेन्रिएटा नावाच्या गावात एका मराठी घरी १८९६ साली बसला तो पहिला म्हणतात, आणि आता समुद्रावर वाजतगाजत विसर्जन होतं. तरुण मुलं जाखडी नाचतात, इथल्या उच्चारात ‘झाकरी’. मोका गावात महाराष्ट्र भवन आहे, तिथं २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळा बसवला. आम्ही जाऊन नमस्कार करून आलो.

तर गुरुवार. पानं, सुपारी, झेंडू, कापूर, नारळ सगळं त्याच बाजारात एका गाळ्यावर मिळालं. पाच फळांना आंबा, अननस, लिची, केळी, पपई. मार्गशीर्षात आंबा! इथं आता उन्हाळा आहे, रस्त्यांवर गुलमोहर लाल झालेत. अडलं कुठं, तर कलशापाशी. तांब्या कुणीच आणला नव्हता. हॉटेलवाल्यांकडे मागितला तर त्यांनी चहाची किटली, मग फुलदाणी, मग सूप द्यायचं भांडं आणून दाखवलं. शेवटी ह्यांची नजर कोपऱ्यात गेली. नवविवाहितांना म्हणून हॉटेलनं शॅम्पेनची बाटली ठेवली होती, चकचकीत स्टीलच्या बादलीत. आजी, रागावू नकोस. बादली तीनदा घासली आणि चौथ्यांदा तू सांगतेस तशी चिंचेनं. घाट तसा तांब्याचाच, फक्त कडा जरा रुंद. आत पाणी, सुपारी, नाणं घातलं. नाणं मॉरिशसचं, लक्ष्मी बदलून घेईल. पाच झाडांच्या डहाळ्या हॉटेलच्या माळ्यानं कापून दिल्या. वर नारळ ठेवला. रुंद तोंडामुळं तो आत बुडायला लागला, तेव्हा हंसांपैकी एकाचा बळी देऊन टॉवेलाची चुंबळ केली. म्हणजे मघाशी ‘हंस तसेच आहेत’ लिहिलं ते एका हंसाबद्दल धर. बाटलीचं काय झालं ते विचारू नकोस.

उदबत्ती मात्र व्हरांड्यात लावली, खोलीच्या छताला धूर हुंगणारं यंत्र आहे. मी पोथी वाचली, हे हात जोडून बसले. सफाईची मुलगी दार वाजवून आत आली, घटाकडे पाहिलं, चपला बाहेर काढल्या, नमस्कार केला आणि मग चादरी बदलल्या. तिच्या घरासमोरही लाल झेंड्याचं मारुतीचं ठाणं आहे म्हणाली. अशी छोटी देवळं इथं घरोघरी फाटकापाशी दिसतात. नैवेद्याला सासूबाईंचे बेसनाचे लाडू कामी आले.

मासळीचं आता सांगते, आणि हे सासरी वाचून दाखवू नकोस. मार्गशीर्ष पाळायचा असं सासूबाईंनी बजावलं होतं, महिनाभर. आल्यावर दोन दिवस ह्यांनी पाळला. मग गुलमोहराकडे बोट दाखवून म्हणाले, ‘मार्गशीर्षात गुलमोहर फुलतो का? नाही ना? मग हा मार्गशीर्ष नव्हेच.’ या तर्काला मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर सुचवायचं नव्हतं. गुरुवार सोडून विंदाय खाल्लं. माशाचे तुकडे तळून घ्यायचे आणि मोहरी, हळद, हिरवी मिरची, कांदा, व्हिनेगर यांत मुरवायचे. गरम नाही, गारच खायचं, आणि दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. तुला आवडेल. मोहरी जरा कमी हवी असं तू म्हणशील.

शुक्रवारी टॅक्सीवाल्यानं आम्हाला कास्कावेलला घरी जेवायला नेलं. त्याची आजी तुझ्याच वयाची, डोक्यावर पदर, बोलणं निम्मं क्रिओल, निम्मं आपल्याकडचं. केळीच्या पानावर भात, वरण, भोपळा, अळूची भाजी, कोबी-गाजराचं मोहरी लावलेलं आशार, भाजलेल्या खोबऱ्याची चिंच-पुदिन्याची चटणी. आणि कडेला विंदाय. मी ओटीभरणाचे तांदूळ पदरात घेतेय तोच तिनं ह्यांना विचारलं, “गोंधळ झाला?”

हे माझ्याकडे बघायला लागले. लग्नानंतर देवीचा गोंधळ घातल्याशिवाय इथली मराठी मंडळी नव्या जोडप्याला मोकळं सोडत नाहीत. निघण्याआधी आमच्या सोलापूरच्या घरी याच विषयावर काय रण माजलं होतं ते तुला ठाऊक आहे. सासूबाई म्हणत होत्या आधी गोंधळ, मग फिरणं. हे म्हणत होते तिकीट याच तारखेचं स्वस्त आहे. आता महासागराच्या मध्यावर सासूबाईंच्या बाजूचं माणूस सापडलं. म्हातारीनं कपाळाला हात लावला, नातवाला क्रिओलमध्ये बरंच काही सुनावलं, आणि तो खाली मान घालून म्हणाला, “आजी म्हणतात, आपल्या मातोश्रींशी त्यांना बोलावयाचे आहे.”

बोलणं झालं, तेही एकमेकींची तोंडं बघत. इकडून एक म्हातारी, तिकडून सासूबाई. कुणाला कुणाचं किती कळत होतं देव जाणे, पण दोघींच्या माना एकाच वेळी हलत होत्या. ह्यांचं सगळं लक्ष मोबाइल कुठल्या दिशेला वळतोय याच्याकडे, आणि पायानं ते आपलं पान हळूहळू माझ्या मागं सारत होते, विंदायसकट. निकाल असा लागला की माघात गोंधळ. आम्हा दोघांना कुणी विचारलं नाही. निघताना मी म्हातारीला शेंगदाण्याच्या चटणीचं पुडकं दिलं, कारण इतक्या दिवसांत ह्यांना ते उघडायची गरजच पडली नव्हती. तिनं तिथंच चिमूटभर जिभेवर ठेवली आणि लसूण कमी आहे म्हणाली. हे सासूबाईंना कळवायचं की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

बाकी बघायचं ते बघितलं. गंगा तलावावर १०८ फुटांचा शंकर आहे, दर्शन छान झालं, केळी वाटेतच माकडांनी घेतली. ग्रां बेला डोक्यावर मोठं हेल्मेट घालून समुद्राच्या तळाशी चालवतात. उजनीपलीकडे पाणी न पाहिलेला माणूस तिथं खाली माशांना पाव भरवत होता, आणि मासे पावाबरोबर बोटंही खात होते. वर आल्यावर ह्यांनी बोटं मोजली, दुणे न करता.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही गुहागरला येतो. शनिवारी रात्री अर्धा किलो चणाडाळ भिजत घालून ठेव, जिरं भाजून ठेव, आणि पावटे मिळाले तर सोलून ठेव, नाहीतर वाल चालतील. मैदा मी आणते. गूळ काढू नकोस. बांगडा मिळाला तर घेऊन ठेव, पण सासूबाईही बरोबर येणार आहेत, तेव्हा तो शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये राहू दे.

कळावे, लोभ असावा.

तुझी लाडकी नात,
ठमू